मालदीवचं ऑल इन्क्लुझिव्ह पॅकेज: पैसे भरण्याआधी काय काय विचारून घ्यावं

मी नाशिकमध्ये सहलींचं बुकिंग करून देते. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांसाठी मालदीवची चौकशी करणाऱ्यांपैकी बहुतेकजण बाहेरून एक कोटेशन घेऊनच येतात. त्यात चार रात्री, वॉटर व्हिला, 'ऑल इन्क्लुझिव्ह' आणि खाली एक मोठा आकडा एवढंच असतं. मी पहिलं विचारते, 'फॅक्टशीट कुठाय?' ती सहसा कुणी मागितलेलीच नसते.

'ऑल इन्क्लुझिव्ह'ची कुठेही एक ठरलेली व्याख्या नाही. एका रिसॉर्टच्या साध्या ऑल इन्क्लुझिव्हमध्ये जे मिळतं, ते दुसऱ्याकडे 'प्रीमियम' किंवा 'प्लस' नावाच्या महागड्या प्लॅनमध्ये असतं. म्हणून नावावर जाऊ नका. प्रत्येक रिसॉर्ट आपल्या प्लॅनची दोन-तीन पानी फॅक्टशीट काढतं. काय मिळेल, किती वाजेपर्यंत, कुठल्या रेस्टॉरंटमध्ये, हे सगळं तीत असतं. एजंटकडून तीच मागा आणि तुमच्या प्रवासाच्या तारखांना लागू असलेलीच मागा, गेल्या वर्षीची नको. व्हॉट्सॲपवरचं 'मॅडम, सगळं इन्क्लुडेड आहे' हे वाक्य तिथल्या रिसेप्शनवर चालत नाही.

मालदीवबाबत मी एवढी काटेकोर का, तेही सांगते. तिथे साधारणपणे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. गोव्यात हॉटेलचं जेवण महाग वाटलं तर फाटकाबाहेर शॅक असतो, खानावळ असते, कोपऱ्यावर पाण्याची बाटली मिळते. मालदीवच्या बेटावर दुसरं दुकानच नाही. प्लॅनमध्ये जे नाही ते रिसॉर्टच्या दरानेच घ्यायचं. दारू सोबत नेता येत नाही, राजधानी मालेच्या विमानतळावर कस्टम्सवाले बाटली काढून घेतात. त्यामुळे गोव्यात जो प्लॅन मी 'नाश्त्यापुरता घ्या, बाकी बाहेर खा' म्हणून सोडून देते, तोच मालदीवमध्ये ओळ न् ओळ वाचते.

आधी प्लॅनची नावं. बीबी म्हणजे राहणं आणि नाश्ता. हाफ बोर्डमध्ये नाश्ता आणि बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण. फुल बोर्डमध्ये तिन्ही वेळचं जेवण, पण पेयं वेगळी. काही रिसॉर्टमध्ये जेवणाच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागतात. एआय, म्हणजे ऑल इन्क्लुझिव्हमध्ये जेवणाबरोबर पेयं येतात, आणि खरी मेख इथूनच सुरू होते.

खाणं आणि पिणं

एआयमधलं जेवण बहुतेकदा मुख्य बुफे रेस्टॉरंटपुरतं असतं. बेटावर आणखी दोन-तीन रेस्टॉरंट असतील, एखादं जपानी, एखादं पाण्यावरचं. तिथे तीन प्रकार चालतात: पूर्ण पैसे भरा, मुक्कामात एकदा जेवण फुकट, किंवा माणशी अमुक डॉलरची सूट आणि वरचं आपण द्यायचं. यातला तुमचा कुठला, ते लिहून घ्या. फोटोत दिसणारं पाण्यावरचं रेस्टॉरंट नेमकं यादीबाहेर असण्याची शक्यता बरीच असते.

पेयांमध्ये 'हाउस ब्रँड' हे शब्द शोधा. बार ज्या ठरावीक बिअर, वाइन आणि मद्य देतो, तेवढंच फुकट. तुमची आवडती व्हिस्की त्यात नसेल तर ग्लासागणिक पैसे. ताजा रस, एस्प्रेसो, शहाळं या गोष्टीही काही ठिकाणी बाहेर असतात. खोलीतला मिनीबार रोज भरतात की एकदाच, त्यात फक्त पाणी आणि कोला की बिअरही, हेही विचारा. बार किती वाजता बंद होतो तेही बघा, आणि वेळ रिसॉर्टच्या घड्याळाची धरा. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते, पण बरीच रिसॉर्ट्स दिवसाचा उजेड जास्त मिळावा म्हणून आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात.

आता आपल्या घरांचा प्रश्न. सहाजणांच्या कुटुंबात दारू घेणारे दोघे, बाकी कुणी शिवतही नाही. एआयचा माणशी दर मात्र सगळे पिणारे आहेत असं धरून लावलेला असतो. म्हणून मी फुल बोर्ड आणि एआय असे दोन्ही दर मागवते आणि कागदावर हिशोब मांडते. समजा दोन्हींत माणशी रोज 70 डॉलरचा फरक आहे. न पिणारा माणूस दिवसाला एक रस, एक कॉफी, एक मॉकटेल आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेईल. मेनूच्या दराने हे 38 डॉलर झाले तर करांसकट सुमारे 49 पडतात. म्हणजे त्याच्यासाठी फुल बोर्ड स्वस्त. त्यावर दोन बिअर आणि एक कॉकटेल घेणाऱ्याचे 73 डॉलर करांसकट 94 होतात, त्याला एआय फायद्याचं. यात एक अडचण आहे: बहुतेक रिसॉर्ट्स एका खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना एकच प्लॅन घ्यायला लावतात. त्यामुळे खोल्यांची वाटणी कशी करायची याचा विचार प्लॅन निवडतानाच करावा. बारचा मेनू दरांसकट आधी मागितला तर रिसॉर्ट ई-मेलवर पाठवतं, संकोच करू नका.

शाकाहाराचं मात्र नीट बोलून ठेवा. बुफेवर भारतीय काउंटर असतो, डाळ-भात, पनीर, पोळी मिळते, त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही. पण मालदीवचं घरचं जेवण मासळीवर उभं आहे, मुख्यतः ट्यूनावर. सकाळी नाश्त्याला एका वाडग्यात खोवलेल्या नारळासारखं काहीतरी ठेवलेलं असतं, शेजारी आपल्या पोळीसारखी रोशी. तो पदार्थ मासहुनी: नारळ, कांदा, मिरची, लिंबू आणि बारीक कुस्करलेला ट्यूना. दिसायला थेट आपल्या कोशिंबिरीसारखा. दुपारच्या चहाबरोबर येणारे बजिया म्हणजे छोटे समोसेच, आणि त्यांतही बहुधा ट्यूनाचंच सारण. सासूबाईंसारख्या कडक शाकाहारी माणसाने सवयीने समोसा उचलला तर पुढचा सगळा मुक्काम त्यांना जेवणावर विश्वास वाटत नाही, हे मी माझ्या गिऱ्हाइकांकडून ऐकलं आहे आणि मला ते फार लागतं. म्हणून बुकिंगबरोबरच लेखी कळवा: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, जैन असाल तर कांदा, लसूण आणि कंदमुळंही नाहीत. नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही. पोचल्यावर शेफला भेटायला मागा, ते येतात आणि कुठल्या भांड्यात काय आहे ते दाखवतात. मुक्कामात चतुर्थी किंवा एकादशी येत असेल तर साबुदाणा आणि शेंगदाण्याचं कूट घरून न्या.

विमानतळावरून बेटावर

पॅकेजच्या किमतीत सर्वांत मोठा खड्डा इथेच पडतो. मालेचा वेलाना विमानतळ हुल्हुले बेटावर आहे. तिथून रिसॉर्टवर जायला स्पीडबोट, सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट असे मार्ग असतात. सीप्लेनचं येण्याजाण्याचं भाडं माणशी काही शे डॉलर असतं. कोटेशनच्या आकड्यात ते धरलं आहे की नाही, हा पहिला प्रश्न. 'ट्रान्सफर ॲट ॲक्च्युअल्स' असं लिहिलेलं दिसलं तर ते धरलेलं नाही.

सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं मुंबईचं विमान दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी मालेला उतरत असेल तर त्या दिवशी रिसॉर्ट गाठता येणार नाही. रात्र विमानतळाजवळच्या हुल्हुमाले बेटावर किंवा मालेतल्या हॉटेलात काढावी लागेल, तीही आपल्या खर्चाने, आणि रिसॉर्टची पहिली रात्र बुक केली असेल तर तीही वाया. म्हणून विमानाचं तिकीट आधी काढून मोकळे होऊ नका. रिसॉर्टला कसं जायचं ते ठरल्यावर तिकीट काढा. सामानाची मर्यादाही कडक असते, साधारण 20 किलो बॅग आणि 5 किलो हातातलं. विमान कंपनीने 30 किलो दिले म्हणून फराळाचे डबे भरले तर सीप्लेनच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे लागतात.

कर

दरापुढे '++' असं चिन्ह दिसलं की त्यावर आणखी दोन गोष्टी चढणार: 10 टक्के सेवाशुल्क आणि पर्यटन जीएसटी. हा जीएसटी 1 जुलै 2025 पासून 17 टक्के आहे आणि तो सेवाशुल्कासकटच्या रकमेवर लागतो. त्यामुळे मेनूतलं 8 डॉलरचं पेय 10 डॉलर 30 सेंटला पडतं. वेगळा ग्रीन टॅक्सही असतो. 1 जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी दिवसाला 12 डॉलर आहे, दोन वर्षांखालच्या बाळांना माफ. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे 192 डॉलर झाले. काही पॅकेजेसमध्ये हा आत असतो, काहींत निघताना भरायचा असतो, म्हणून 'ग्रीन टॅक्ससकट का?' असं शब्दशः विचारा.

भारतातल्या एजंटकडून परदेशी सहल घेतली तर टीसीएसही, म्हणजे सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो खर्चात धरू नका, आयकर विवरणपत्रात तो वळता होतो. मात्र ज्यांच्या पॅनवर कापला जाईल ते विवरणपत्र भरणारे असावेत.

खेळ, मुलं, सणाचे दिवस

कयाक आणि पॅडलबोर्डसारखे बिनइंजिनाचे खेळ बहुधा आत असतात. जेट स्की, पॅरासेलिंग, स्कूबा आणि स्पा जवळजवळ नेहमी बाहेर. स्नॉर्कलिंगचा मास्क आणि फिन्स फुकट की भाड्याने, तेवढं बघा. 'एक सहल मोफत' लिहिलं असेल तर ती कुठली, आणि वाऱ्या-पावसामुळे रद्द झाली तर बदली काही देतात का, हे विशेषतः मे ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी विचारावं. तेव्हा नैर्ऋत्य मान्सून असतो.

मुलांचं वय सहसा चेक-इनच्या दिवशीचं धरतात. बारा वर्षांखाली जेवण फुकट असेल आणि मुलाचा बारावा वाढदिवस तुम्ही रिसॉर्टवरच साजरा करणार असाल तर आधी लिहून विचारा.

24 आणि 31 डिसेंबरला बरीच रिसॉर्ट्स 'गाला डिनर', म्हणजे सणाची खास मेजवानी, सक्तीचं करतात. एआय असो वा नसो, माणशी वेगळे पैसे लागतात आणि 'आम्ही जेवणार नाही' म्हणून सूट मिळत नाही. नाताळच्या सुट्टीचं कोटेशन स्वस्त दिसलं तर मी पहिली हीच ओळ शोधते.

शेवटचा दिवस

एआय चेक-आउटला संपतं, म्हणजे बहुधा दुपारी 12 वाजता. तुमची बोट संध्याकाळची असेल तर मधल्या वेळचं जेवण आणि पेयं कशी, हे आधीच ठरवून घ्या. काही रिसॉर्ट्स निघेपर्यंत सगळं चालू ठेवतात, काही खोली सोडताच बिल लावायला लागतात. सीप्लेनची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी कळवली जाते आणि ती पहाटेचीही असू शकते. तेव्हा सकाळी रिसेप्शनवर बिल तपासायला सवड नसते. म्हणून आदल्या रात्री जेवणानंतर बिलाची प्रत मागा आणि मोबाइलमधली फॅक्टशीट समोर धरून एकेक ओळ ताडून बघा. जी नोंद पटणार नाही तिची, ती वस्तू घेताना तुम्ही सही केलेली चिठ्ठी दाखवायला सांगा. कार्ड स्वाइप व्हायच्या आधी चूक काउंटरवरच दुरुस्त होते, घरी पोचल्यावर त्याच रकमेसाठी ई-मेलमागून ई-मेल करावे लागतात.