हरकत अशी लिहा की एका ओळीत निकाली निघणार नाही

प्रारूप विकास योजना (शहरातल्या जमिनीच्या वापराचा कच्चा आराखडा) असो, प्रभाग रचना असो की वीजदराचा प्रस्ताव, ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ ही ओळ त्यात असतेच. हरकती येतातही भरपूर. पण पुष्कळांत नुसता संताप असतो, आणि असा कागद ‘नोंद घेतली’ म्हणून बाजूला सारणं सोपं जातं.

आधी सूचना वेळेत हाती लागायला हवी. ती राजपत्रात येते, स्थानिक दैनिकांच्या ‘जाहीर सूचना’च्या बारीक टाइपात येते आणि संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर असते. पाहिल्या पाहिल्या शेवटची तारीख लिहून ठेवा.

विधेयकांचं गणित वेगळं. विधेयक संयुक्त समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या समितीकडे गेलं, तर लोकांकडून सूचना मागवल्या जाण्याची शक्यता असते. 2024 मध्ये मांडलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर समितीकडे 12 हजारांहून जास्त सूचना आल्या, मसुद्यात बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं. समितीच नेमली नाही, तर अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना कलमवार लेखी निवेदन द्या. सभागृहात दुरुस्ती तेच सुचवू शकतात.

मग मूळ कागद वाचा, बातमी नव्हे. विकास योजनेत नकाशा आणि अहवाल दोन्ही पाहा. आपला सर्व्हे किंवा गट नंबर नकाशावर शोधा, सातबारा आणि मोजणीचा नकाशा शेजारी ठेवा.

आता लिहायचं. ‘हा आराखडा जनविरोधी आहे, रद्द करा’ याला उत्तर द्यायची कुणाला गरजच पडत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘गट क्र. अमुकमधून 12 मीटर रुंदीचा रस्ता दाखवला आहे. तिथे सार्वजनिक विहीर आहे (फोटो व उतारा सोबत). रस्ता उत्तरेकडच्या गायरानाच्या हद्दीने न्यावा.’ जागा, अडचण, पुरावा, पर्याय. एका हरकतीत एकच मुद्दा. मुंबईचा 2015 चा प्रारूप आराखडा आठवून पाहा. त्यातल्या चुका लोकांनी नेमकी ठिकाणं दाखवून मांडल्या, हजारो हरकती आल्या, आणि सरकारला तो नव्याने करायला सांगावा लागला.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं ऐकू आलं तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. एकाच मजकुराच्या दोनशे प्रतींपेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या वीस हरकती जड पडतात, असं माझं मत.

सुनावणीला बोलायला थोडाच वेळ मिळतो. विकास योजनेची सुनावणी नियोजन समिती घेते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ त्यात असतात. प्रास्ताविक, आभार वगैरे सोडा. हरकतीचा क्रमांक सांगा आणि थेट नकाशावर बोट ठेवा.

प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीचे नियम केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहेत. किमान 30 दिवस आधी सूचना, मराठीत प्रकल्पाचा सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी. गणपूर्तीची (किमान उपस्थितीची) अट नाही, त्यामुळे गाव आलं नाही तरी सुनावणी पार पडते. बहिष्कार घालण्याआधी याचा विचार करा. प्रकल्पाला मंजुरी तिथे मिळत नाही, फक्त म्हणणं नोंदवलं जातं. म्हणूनच शेवटपर्यंत थांबा. इतिवृत्त तिथेच वाचून दाखवायचं असतं. तुमचा मुद्दा त्यात नसेल किंवा बोथट करून लिहिला असेल, तर उभं राहून तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

पुढे काहीच कळलं नाही, तर माहिती अधिकारात आपल्या आवक क्रमांकावर झालेली कार्यवाही मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. विकास योजना शासनाकडे गेल्यावर तिथे मोठे फेरबदल सुचले, तर तो भाग मंजुरीतून वगळून त्यापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मंजुरीच्या अधिसूचनेसोबत येणाऱ्या या वगळलेल्या भागांच्या यादीत आपला गट नंबर आहे का, ते नक्की तपासा.