सगळ्यात उंच रोप मागू नका: लागवडीतल्या या चुका टाळा

रोपवाटिकेत नवा हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच एक मागणी दिवसातून दहा वेळा कानावर येते: "यातलं सगळ्यात उंच द्या." मी आता सरळ नाही म्हणतो. काहींना राग येतो, येऊ दे.

पिशवीतलं उंच रोप म्हणजे बहुतेक वेळा मागच्या, नाहीतर त्याच्याही मागच्या हंगामातलं उरलेलं रोप. वर शेंडा वाढत राहतो, खाली मात्र मुळांना पिशवी आडवी येते. सोटमूळ तळाला टेकलं की वळतं, बाजूची मुळं कडेकडेने फेऱ्या घालू लागतात. जमिनीत गेल्यावर ही वेटोळी आपोआप सुटतील, असं लोक धरून चालतात. सुटत नाहीत. मूळ एकदा लाकडासारखं झालं की आहे त्याच वळणात जाड होत जातं.

एका ओळखीच्या गृहस्थांनी जांभळाचं पुरुषभर उंचीचं रोप हट्टाने नेलं होतं. मी दिलं, द्यायला नको होतं. झाड वाढलं, सावली पडू लागली. सातव्या वर्षी साध्याशा वाऱ्यात ते बुंध्यापासून कलंडलं. मी बघायला गेलो, माती झटकली, तर आत माझ्याच पिशवीचा आकार होता. तसाच गोल, तेवढ्याच रुंदीचा. एका जाड मुळाने बुंध्याला फास आवळला होता आणि बाहेर गेलेली मुळं बोटाएवढी, तीही एकाच बाजूला. त्या माणसाने सात वर्षं पाणी घातलं होतं, कुंपण केलं होतं. चूक पहिल्या दिवशी झाली होती आणि सात वर्षं ती कुणाला दिसली नव्हती.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. रोप घेताना पिशवीचा तळ बघा. भोकातून पेन्सिलीएवढी मुळं बाहेर पडून जमिनीत शिरली असतील, तर ते रोप राहू द्या. गुडघाभर उंचीचं, जाड बुंध्याचं रोप दोन-तीन वर्षांत त्या उंच रोपाला बहुधा गाठतं. लावताना पिशवी उभी चिरून पूर्ण काढा; तळाला भोकं पाडून पिशवीसकट लावलं तरी चालतं, हे खरं नाही. मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नका, पण कडेने फिरलेली बारीक मुळं धारदार पात्याने दोन-तीन ठिकाणी उभी कापा आणि तळाचं वेटोळं छाटा. हे बघून लोकांचा जीव वरखाली होतो. पण कापलेल्या जागेतून नवी मुळं फुटतात आणि ती सरळ बाहेर जातात.

दुसरी चूक खोल गाडण्याची. "खोल लावलं की पक्कं बसतं" हा समज कुठून आला कोण जाणे. मुळांना हवा लागते, आणि बुंध्याची साल कायम ओल्या मातीत राहिली की कुजते. पिशवीत माती जिथपर्यंत होती, तिथपर्यंतच जमिनीत ठेवा. खड्ड्यात मोकळी माती भरली असेल तर आधी पायाने दाबून घ्या, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात ती खचते आणि रोपही खाली जातं. कलम असेल तर जोड जमिनीच्या चार बोटं वर हवाच. जोडाखालून, म्हणजे खुंटातून (ज्या रोपावर कलम बांधलं त्या खालच्या रोपातून), आलेले फुटवे दिसले की लगेच काढा. "कलम जोमात आहे" म्हणून लोक मला कौतुकाने दाखवतात, आणि मेलेल्या कलमाशेजारी नुसता खुंटच माजलेला असतो.

पाणी रोज तांब्याभर घालू नका, मुळं वरच्या वरच राहतात. आळं भरून घाला आणि वरची माती वाळू द्या. कच्चं शेण घालू नका, कुजताना तापतं. आधाराची काठी हवी, पण दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा आणि झाड सावरल्यावर सोडा. पालापाचोळ्याचं आच्छादन करा, बुंध्याला मात्र चिकटवू नका. शेडनेटखालचं रोप आणल्या आणल्या भर उन्हात लावू नका, आठवडाभर हळूहळू उन्हाची सवय करा. वर विजेच्या तारा आहेत का, ते खड्डा खणण्याआधी बघा.

आणि लावलेली झाडं मोजणं सोडा. केनियात वंगारी मथाई यांनी १९७७ साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. त्या कामात रोपं लावणाऱ्या बायकांना थोडा मोबदला मिळायचा, तो जगलेल्या रोपामागे. २००४ साली मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं, पण मला त्यांचा तो जगलेल्या रोपाचा हिशेबच जास्त मोठा वाटतो. एका दिवसात हजार खड्डे भरण्याचा उत्साह मी खूप पाहिला आहे. पहिल्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यांकडे फिरकणारं माणूस मात्र क्वचित दिसतं. ज्या झाडाच्या सावलीत आपल्याला ओळखतही नसलेलं कुणी बसणार आहे, त्याला निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी आपण द्यायला हवीत. शंभर नेऊ नका, जेवढ्यांना उन्हाळ्यात पाणी घालणं जमेल तेवढीच न्या.

रोपं नेणाऱ्यांना मी एकच सांगतो: पुढच्या हंगामात या आणि किती जगली ते सांगा. मेलं असेल ते फेकू नका, मुळासकट उकरून घेऊन या. आपण दोघं मिळून बघू.