पोट भरल्याचं पोटात कळत नाही: वजनाच्या ऑपरेशननंतर जेवताना या चुका टाळा

परवा सकाळी तळजाईचा चढ चढत होते आणि फोन वाजला. नवीन पेशंट, स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी पोट कापून लहान करायचं ऑपरेशन) होऊन जेमतेम दोन महिने झालेली.

"ताई, मऊ खिचडी खातेय. चार चमचे झाले आणि नाक गळायला लागलं. सर्दी होतेय का?"

"पाचवा खाल्लास?"

"हो, आत्ताच."

"बेसिनपाशी जाऊन उभी राहा."

फोन तिने ठेवलाच नाही. थोड्या वेळाने नुसता नळाचा आवाज यायला लागला.

मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही. २०१९ मध्ये स्लीव्ह करून घेतलेली कोथरूडची एक बाई आहे. माझा नंबर कोण कोणाला देतं कुणास ठाऊक, पण महिन्याला असे चार-पाच फोन येतात. प्रश्न दर वेळी नवा, चूक मात्र तीच. सगळे जण पोट भरल्याची खूण पोटात शोधत बसतात.

ढेकराची वाट बघणं

आपल्याकडे जेवण संपलं हे ढेकर सांगतो. पोट जड झालं, नाडी सैल केली, तृप्तीचा ढेकर आला की हात धुवायचे. पण हे सगळं ज्या पोटाच्या भरवशावर चालायचं, ते पोट आता तुमच्याकडे नाही. स्लीव्हमध्ये सर्जन पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. त्यात वरचा फुगणारा भाग जातो. अन्न येईल तसं सैल होऊन "या, बसा" म्हणणारा तोच. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरकही मुख्यतः तिथंच तयार होतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने बहुतेकांना भूक धड लागत नाही. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, १०० ते १५० मिली मावेल एवढी. आमटीची एक छोटी वाटी म्हणा. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, पोटाचा) पोटाच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. ती पिशवी तर सुरुवातीला ३० मिलीच्या आसपास असते, म्हणजे पोह्याचे दोन-तीन चमचे.

ही नळी जुन्या पोटासारखी ऐसपैस होत नाही. भरली की आतला दाब चढतो, त्यामुळे खूण बेंबीपाशी येत नाही, वर छातीत येते. बऱ्याच जणांना छातीच्या हाडाखाली, बरगड्यांच्या मधोमध, कुणी अंगठा टेकवून ठेवल्यासारखं वाटतं. कुणाला एकच उचकी येते, कुणाला शिंक. कुणाचं नाक गळतं. कुणी खोल उसासा टाकतं आणि ते त्याचं त्याला कळतही नाही, शेजारच्याला कळतं. ढेकर आलाच तर तो जेवणाच्या मध्येच येतो, आणि त्याचा तृप्तीशी काही संबंध नसतो. एसटीच्या कंडक्टरने घंटा मारावी तसा तो असतो, जागा नाही, चला.

माझी खूण उसासा. ती मला नाही सापडली, माझ्या धाकट्याने पकडली. "आई, तू असा सुस्कारा टाकतेस ना, की दोन मिनिटांनी उठून बेसिनकडे जातेस." तोवर ऑपरेशनला सात महिने झाले होते. इतके दिवस मी उलटीचा दोष कधी पोळीला देत होते, कधी तेलाला.

दुसरी भानगड उशिराची. आतड्याकडून मेंदूला जे निरोप जातात त्यांना पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत वाटी साफ करणाऱ्याला निरोप मिळतो तेव्हा वरचे चार घास आत गेलेले असतात. त्यामुळे "भरलं" वाटेपर्यंत खायचंच नाही. "आता नाही खाल्लं तरी चालेल" असं वाटलं की थांबायचं. नवीन लोकांना हे फार पुळचट वाटतं. त्यांना यंत्रासारखा लाल दिवा हवा असतो.

"अर्धाच तर राहिलाय"

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगते.

ऑपरेशनला तीन महिने झाले होते आणि संकष्टी आली. डाएटिशियनने उपास करायचा नाही म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, नाहीतरी भूक लागत नाही, मग उपासाचं काय एवढं. दिवसभर दोन कप दूध आणि चहा. चंद्रोदय साडेनऊच्या सुमाराला. आरती, नैवेद्य होऊन पावणेदहाला पानं वाढली. वरण-भात, त्यावर तूप, बटाट्याची भाजी, उकडीचे मोदक.

पहिले तीन घास कधी गेले कळलंच नाही. हाताला आणि तोंडाला जुनीच सवय. चौथ्या घासाला एक उचकी आली. म्हटलं, भात कोरडा झालाय. मोदक फोडला, तूप सोडलं, अर्धा खाल्ला. नाक ओलं झालं. म्हटलं, ठेचा झणझणीत दिसतोय. ठेच्याला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं! मग लांब उसासा. मोठ्या जाऊबाईंनी विचारलंसुद्धा, "दमलीस का गं?" तरी मी पुढे खाल्लं, कारण पानात अर्धा मोदक उरला होता आणि प्रसाद टाकायचा नसतो.

तो अर्धा मोदक छातीत जाऊन बसला. तांदळाच्या उकडीचा गोळा, बाटलीला बूच बसावं तसा. तोंडाला लाळ सुटली, ती गिळता येईना, थुंकायला गेले तर दाट पांढरा फेस. आणि तिथे मी आणखी मोठा गाढवपणा केला. खाली उतरेल म्हणून वरून पाणी प्यायले. वाट बंद असताना पाणी जाणार कुठे? तसंच वर आलं, फेसासकट. सासूबाईंनी ओवा पुढे केला, मग मीठ-मोहरीने दृष्टही काढली. पाऊण तास मी बेसिनची कड धरून उभी होते. बाहेर सगळ्यांची जेवणं आटोपली आणि कुणीतरी हळूच टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांचंही बरोबरच होतं.

पानात टाकायचं नाही हा संस्कार मला मान्य आहे. पण तो वाढून घेताना पाळायचा असतो. आता मी नैवेद्याच्या वाटीएवढ्या वाटीत घेते आणि धाकट्याच्या उष्टावणातल्या चांदीच्या चमच्याने खाते. हॉटेलात गेले तरी तो पर्समध्ये असतो. वेटर बघतात, बघू देत. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, हातात धरून बसायचं नाही. घास पूर्ण चावून, गिळून झाला की मगच उचलायचा. काही जण मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा टायमर लावतात. मला ते परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, पण ज्यांच्याने घाई आवरत नाही त्यांनी सुरुवातीला खुशाल लावावा. आणि अर्धा मोदक उरला तर झाकून ठेवायचा. दोन तासांनी तो मोदकच असतो.

उकडीसारखेच अडकणारे आणखी काही पदार्थ आहेत: मऊ पोळी, ब्रेड, साबुदाणा, कोरडं चिकन. साबुदाण्याच्या खिचडीवर तर मला वेगळं लिहायला लागेल, इतके फोन आषाढीला येतात.

घासागणिक मठ्ठा

पिंपरीकडचे एक गृहस्थ, बायपास होऊन तीन महिने झालेले, एका लग्नात मला कौतुकाने सांगत होते, "मला काही त्रास नाही हो, सगळं जातं." बघते तर प्रत्येक घासावर मठ्ठ्याचा घोट. जाणारच की! अन्न पातळ होऊन खाली सरकतं, पिशवी भरून राहतच नाही, मग खूण येणार कुठून? त्याच जोशात जिलब्याही गेल्या. वीसेक मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, आणि जावयासारखे मिरवणारे गृहस्थ वरपक्षाच्या खोलीत आडवे झाले. याला डम्पिंग म्हणतात. साखर एकदम आतड्यात उतरली की होतं, बायपासमध्ये जास्त दिसतं.

जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. त्यानंतर दिवसभर घोट-घोट करत दीड-दोन लिटर. माझी बाटली जेवताना दुसऱ्या खोलीत असते, समोर असली की हात जातोच. आमटी-भाताचंही निम्मं असंच आहे. पातळ आमटी ओतून कालवलेला भात सरसर उतरतो आणि तासाभरात पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं. आधी घट्ट उसळ, पनीर, अंडं, मासा, जे चालत असेल ते. जागा राहिली तर भात. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, ती आमटीच्या पाण्यात नसतात.

बाकीच्या, पटापट

पहिला महिना-दीड महिना स्वतःच्या खुणेवर विसंबू नका. आत सूज असते, आणि पातळ पदार्थ खूण देत नाहीत. डाएटिशियनच्या तक्त्यात लिहिलंय तेवढंच मोजून घ्या.

चिवडा, बाकरवडी, श्रूजबेरी बिस्किटं: चावली की भुगा होतो आणि सरकत जातो. डबा संपतो, उचकी येत नाही. "माझं पोट पुन्हा मोठं झालं" म्हणून रडणाऱ्यांपैकी निम्म्या जणांच्या टेबलावर असा एक डबा असतो.

पोटात कुरतडल्यासारखं होतंय ती भूक असेलच असं नाही. पुष्कळदा ती ॲसिडिटी असते. डॉक्टरांनी दिलेली त्याची गोळी मनाने बंद केली असेल तर आधी त्यांना विचारा, मग डबा उघडा.

"किती मावतं बघू या" म्हणून खाऊन बघणारे. यांना काय सांगणार.

पाच दिवस नुसतं पातळ पिऊन पोट "रिसेट" करायचे व्हिडिओ मला दर आठवड्याला कुणीतरी पाठवतं. त्याने पोट आकसत नाही. काट्यावर जे दोन किलो कमी दिसतात ते बहुतेक पाणी असतं आणि वरण-भाताबरोबर परत येतं. सहा महिने चमचा खाली ठेवायचा कंटाळा आलेल्यांनाच हे व्हिडिओ फार आवडतात.

टीव्ही बंद. दुसऱ्याच्या पानाकडे लक्ष नको, आणि वाढणाऱ्याच्या आग्रहाकडे तर अजिबात नको. "डॉक्टरांनी नाही सांगितलंय" म्हणायचं, आपल्याकडे त्यापुढे कुणी जात नाही.

उलटी ही खूण नाही, खूण चुकल्याचा परिणाम आहे. आठवड्यातून दोनदा होते आणि नंतर बरं वाटतं, म्हणून ती सवयीची करून घेणारे लोक मी पाहिलेत. रोज मऊ अन्नही अडकत असेल तर नळी किंवा जोड अरुंद झालेला असू शकतो. उलट्या चालूच राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडून नसांवर आणि मेंदूवर परिणाम होतो. पाण्याचा घोटही टिकत नसेल तर उद्यावर ढकलू नका. आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, सतत धडधड, पोटात जोराची कळ किंवा डाव्या खांद्यात दुखणं असं काही असेल तर ते जास्त खाल्ल्याने झालं असं धरून चालू नका, टाक्यांतून गळती असू शकते. तेव्हा मला फोन करायचा नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सर्जनला करायचा.