फ्लोटिंग टॅब्लेटचा विषय घेताय? आधी जंतूचा पत्ता विचारा

एम.फार्म.ला सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायची वेळ आली की फार्मास्युटिक्सच्या वर्गातले बरेच जण फिरून फिरून फ्लोटिंग टॅब्लेटवर, म्हणजे जठररसावर तरंगत हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळीवर येतात. पाण्यात फुगून जेल होणारं एचपीएमसी हे पॉलिमर सहज मिळतं, गोळीला तरंगवणारा वायू देणारे सोडा आणि सायट्रिक ॲसिड लॅबमध्ये असतातच, गोळ्या दाबून बनवणारं पंचिंग मशीन असतं, आणि जठररसाच्या जागी घेतलेल्या ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गोळी वर आली की गाईडही खूश. मीही हेलिकोबॅक्टर पायलोरी या पोटात अल्सर करणाऱ्या जंतूसाठी अशीच गोळी केली आणि पुढे फॉर्म्युलेशनमध्येच नोकरीला लागले. आता ज्युनिअर विषयाबद्दल विचारायला आले की मी त्यांना उलट विचारते, तुमचा जंतू राहतो कुठे?

बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या पर्थच्या जोडीला २००५ मध्ये ज्याच्यासाठी नोबेल मिळालं, तो हा जंतू जठररसात नसतो. जठराच्या अस्तरावर म्यूकसचा (चिकट श्लेष्म्याचा) थर असतो, त्यात पेशींच्या अगदी लगत तो राहतो. युरिएज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने युरियापासून अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल निष्प्रभ करतो. म्हणजे तुमची गोळी तरंगते वर रसावर आणि काम आहे खाली भिंतीपाशी. मधलं अंतर औषधाने म्यूकसमधून कापायचं, आणि तो थर तर आतून सतत नवा बनत बाहेरच्या बाजूने झडत असतो. त्यामुळे थिसिसमध्ये ‘बारा तास फ्लोटिंग’ एवढंच लिहिलं, तर अर्धाच प्रश्न सुटला.

त्यात लॅबमधलं जठर भलतंच ऐसपैस. गोळीतून औषध किती सुटतं ते पाहणाऱ्या डिझोल्यूशनच्या भांड्यात आपण ९०० मिली द्रव घेतो, उपाशी माणसाच्या जठरात असतो जेमतेम ३५ मिली! शिवाय रिकाम्यापोटी दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरकस लाट येते आणि उरलंसुरलं सगळं लहान आतड्यात ढकलून देते. गोळी जेवणानंतर घ्यायची असं गृहीत धरलं असेल तर ते सिनॉप्सिसमध्येच स्पष्ट लिहा. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

पॉलिमरच्या आधी औषध ठरवा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नाव म्हणून भारदस्त, पण दोन पीएचच्या आम्लात ते तासाभरात निम्म्यावर येतं. जे औषध आम्लात टिकत नाही त्याला आम्लातच मुक्कामाला ठेवायचं, तर पॉलिमरने त्याचं रक्षणही करायला हवं. वर औषध मोजायच्या यूव्ही प्रकाशात त्याचं धड शोषण नाही, दोनशेदहा नॅनोमीटरच्या आसपास जे मिळतं त्यात एक्सिपियंट (गोळीतले इतर घटक) लुडबुड करतात. घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरुवातीला सोयीचं. आम्लात बरंच जास्त टिकतं, आणि त्याचा मारा किती वेळ पुरेसं प्रमाण राहतं यावर अवलंबून असल्यामुळे ‘हळूहळू सोडणं’ याला खरंच अर्थ उरतो.

कायटोसॅनचं कौतुक सगळीकडे वाचाल. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं हे पॉलिमर आम्लात धनभारित होतं आणि म्यूकसमधल्या ऋणभारित म्यूसिन या प्रथिनाला धरतं. बकऱ्याचं जठर खाटकाकडून सकाळी ताजं आणायचं, सलाइनमध्ये थंड ठेवायचं आणि त्याच दिवशी चिकटण्याची चाचणी उरकायची. शिळ्या ऊतीवरचे आकडे फसवे असतात. मात्र घट्ट चिकटणारा कण बाहेरच्या थरालाच अडकून बसतो, आतल्या जंतूपर्यंत पोचत नाही, हेही ध्यानात असू द्या. म्हणूनच काही गट उलट बाजूने जातात आणि म्यूकसमधून निसटत आत जातील असे पीईजी या न चिकटणाऱ्या पॉलिमरचं आवरण असलेले नॅनोकण करतात. मला विचाराल तर दहावी तरंगती गोळी करण्यापेक्षा चिकटणं आणि शिरणं यांतली ही ओढाताण मोजणं जास्त मोलाचं.

जंतूवर प्रत्यक्ष चाचणी करायची असेल तर सूक्ष्मजीवशास्त्राची चांगली लॅब आधी गाठा. याला कमी ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइडची हवा लागते, वाढायला कित्येक दिवस लागतात, आणि साध्या इन्क्युबेटरमध्ये तो उगवतच नाही. गोळी पोटात कुठे आहे ते एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून तिच्यात बेरियम सल्फेट घालणार असाल तर त्याची घनता पाण्याच्या साडेचारपट आहे. ते घातल्यावर जी तरंगते ती तुमची मूळ गोळी राहत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत जंतूबद्दल फारसं कुणी विचारत नाही. एचपीएमसीचा के४एम सोडून जास्त घट्ट जेल देणारा के१००एम हा प्रकार का घेतला, कडकपणा वाढवल्यावर तरंगायला लागणारा वेळ का वाढला, हे विचारतात. सच्छिद्रता कमी झाली, पाणी आत शिरायला उशीर, म्हणून वायू उशिरा, असं कारण सांगता आलं पाहिजे. आणि सोड्याबद्दल तर विचारतीलच. मुंबईच्या जुलैत उघड्या ट्रेमध्ये ठेवलेल्या गोळ्या ओल धरतात, सोडा-ॲसिडची प्रक्रिया तिथेच सुरू होते आणि पोटात जायच्या आधीच वायू संपतो. तेव्हा पंचिंगच्या खोलीतली आर्द्रता रोज वहीत लिहा आणि स्टॅबिलिटीचे नमुने ओल आत न जाऊ देणाऱ्या ॲलू-ॲलू (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या) पॅकमध्येच ठेवा.