पाट्यांना पाना लावण्याआधी

गाडी मागून दोन इंच उचलायची ठरली की आपण पहिला फोन पाटेवाल्याला करतो, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या बनवणाऱ्याला. तो फोन आठवडाभर लांबवा. आधी एक वही, खडू, ओळंबा आणि जमलं तर चुंबक लागणारा डिजिटल अँगल गेज एवढं जमवा. जिप्सी, जुनी थार, बोलेरो, कुठलीही मागे पाटे असलेली गाडी घ्या. उंची दिसते, म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. पुढे ताप देतो तो मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा कोन, आणि तो कोणालाच दिसत नाही.

त्याही आधी उंची कशासाठी हवी ते स्वतःला खरं सांगा. सिंहगडाला डांबरी रस्ता आहे, त्यासाठी गाडी उचलायची गरज नाही. नुसते पाटे दबून खाली बसले असतील तर त्यांना पुन्हा कमान द्या किंवा नवे बसवा. कोन मूळच्या जवळ येतात आणि या लेखातला निम्मा उपद्व्याप वाचतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचून ठेवा. कंपनीने ठरवलेल्या मूळ मापांशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन काय चालतं ते आधी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. पाटे कापून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आता मोजणी. टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर, चाकांत नेहमीची हवा आणि मागे रोजचं सामान. गाडी चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर अॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप फेकून द्यायच्या लायकीचं. सोसायटीचं पार्किंग पाणी वाहून जावं म्हणून उताराचं असतं, त्याची फार चिंता करू नका. तिन्ही मापं गाडी न हलवता एकाच जागी घेतली की झालं, कारण आपल्याला त्यांच्यातला फरकच हवा असतो. पहिलं माप ट्रान्सफर केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या फ्लँजचं (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती), दुसरं शाफ्टच्या नळीचं, तिसरं डिफरन्सच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलवरच्या डिफरन्शियलच्या, नाकाचं, म्हणजे पिनियनच्या फ्लँजचं.

गेज नसेल तर ओळंब्यानेही भागतं. फ्लँजच्या घासलेल्या तोंडाला पोलादी पट्टी उभी टेकवा, वरच्या टोकापाशी दोरा धरा, खाली एक जड नट बांधा. नट झुलायचा थांबेपर्यंत श्वास धरून पडून राहायचं. मग १०० मिलिमीटर खाली पट्टी आणि दोरा यांच्यात किती फट आहे ते बघा. पावणेदोन मिलिमीटरला साधारण एक अंश, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर फट असेल तर तीन अंश. गाडीखाली पाठीवर पडून, डोळ्यात माती घेत काढलेलं हे माप मोबाइलच्या अॅपपेक्षा मला जास्त विश्वासाचं वाटतं. जाड कव्हर घातलेला मोबाइल तर नकोच.

वहीत मांडायचं ते असं. समजा ट्रान्सफर केसचा अक्ष मागे तीन अंश उतरता आहे आणि शाफ्ट आठ अंश. पुढच्या क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटवर, पाच अंशांचा कोन आला. डिफरन्सचं नाकही तीनच अंश वर बघत असेल, तर मागच्या क्रॉसवरही पाच. दोन्ही अक्ष समांतर, दोन्ही कोन सारखे. क्रॉस तिरका फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. पुढच्याने केलेला हा खेळ मागच्याने निस्तरायचा असतो, आणि कोन सारखे असले तरच तो निस्तरतो. पाच अंशांवर ही चढउतार अर्ध्या टक्क्याहून कमी असते, दहावर दीड टक्का. कोन दुप्पट, त्रास चौपट. ताशी ८० वेगाला, चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास आणि डिफरन्सचं गुणोत्तर चार धरलं, तर शाफ्ट सेकंदाला चाळीसहून जास्त फेरे मारतो. म्हणजे सीटखाली सेकंदाला ऐंशीहून जास्त ठोके.

आता गाडी उचला, कागदावरच. शाफ्ट आठवरून अकरा अंशांवर गेला, तर नाक समांतर ठेवूनही दोन्ही क्रॉसवर आठ-आठ. इथे बरेच जण म्हणतात, नाक थोडं वर उचलू, मागच्या क्रॉसला आराम मिळेल. आराम मिळतो, पण पुढे आठ आणि मागे पाच असा हिशेब बिघडतो आणि गाडी साठच्या पुढे गुणगुणायला लागते. चालत्या गाडीत दोन्ही कोनांतला फरक एका अंशाच्या आत ठेवायचा. पिनियन थेट ट्रान्सफर केसकडे रोखायचं ते फक्त वरच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा शाफ्ट असेल तेव्हा. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला तो नियम लावला की पैसे गेले. एक मात्र आहे: पाट्यांवरचा अॅक्सल अॅक्सिलरेटर दाबला की पिळतो आणि नाक वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा एक-दोन अंश खालीच बरं.

शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी, लांब करून उंची घेणार असाल तर दोन इंच जास्त लांब शॅकलने गाडी एकच इंच उचलली जाते आणि नाक वर वळतं. हे ध्यानात न घेता वर आणखी पाचर, म्हणजे कोन बदलायला पाटा आणि अॅक्सलमध्ये ठेवायची उतरती पट्टी, घालणारे मी पाहिले आहेत. पाचरेचा तर मीच दाखला. जिप्सीचे पाटे मुळात अॅक्सलखाली असतात, तिथे पाचरेची जाड कड पुढे ठेवली की नाक वर जातं. माझ्या गाडीचे पाटे मी अॅक्सलच्या वर घेतले होते आणि सवयीने जाड कड पुढेच ठेवली. तिथे तीच पाचर नाक खाली ढकलते. चार अंश वर हवं होतं, चार खाली गेलं, म्हणजे आठचा घोटाळा. मिस्त्रीमामा काही बोलले नाहीत, नुसते खाली वाकून हसले. तेव्हापासून पाचरेवर बाण काढल्याशिवाय मी ती बसवत नाही. पाचर पोलादी घ्या, अॅल्युमिनियमची दबते, तडकते. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तिच्या जाडीइतका जास्त लांब हवा, नाहीतर अॅक्सल जागेवरून सरकेल.

पाटे अॅक्सलच्या वर घ्यायचे असतील तर पाटे टेकायचे नवे पॅड आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारून धरा, गाडी चाकांवर उभी करून कोन पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग, तेही थोडं थोडं आणि थंड होऊ देत. अॅक्सलची नळी एकदम तापली की वाकते. बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

सामान शुक्रवारीच नाना पेठेतून आणून ठेवा. मी एकदा शनिवारी संध्याकाळी काम काढलं, एक यू-बोल्ट पिचला आणि गाडी सोमवारपर्यंत घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर. नवे यू-बोल्ट, नट, बुश, क्रॉस, सर्क्लिप, ग्रीस. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, पुन्हा वापरू नका. ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल आणि शॉक अॅब्सॉर्बर अॅक्सल पूर्ण लोंबल्यावर पुरतात का बघा. मागे भारानुसार ब्रेक बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडीही तपासा.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर सेंटर पंचने खुणा करा. खडू पुसला जातो. सरकत्या जोडाचा स्प्लाइन, म्हणजे दातेरी भाग, एक दात चुकून बसला की दोन्ही टोकांचे फाटे एका रेषेत राहत नाहीत, मग कोन कितीही बरोबर असले तरी गाडी थरथरते. उचललेल्या गाडीत सरकता जोड बाहेर किती येतो तेही मोजा. थोडाच आत राहत असेल तर शाफ्ट लांब करून, बॅलन्स करून घ्यावा लागेल आणि तो खर्च आधीच धरलेला बरा. घोडे अॅक्सलखाली नाही, चेसिसखाली. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर आल्यावरच शेवटचे कसा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं.

पहिली फेरी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर. मी पौड रस्त्याने मुळशीकडे जातो. चाळीस, साठ, ऐंशी अशी हळूहळू चढवा. थरथर स्टिअरिंगमध्ये आली तर आधी चाकांकडे बघा. सीटखाली किंवा गिअरच्या दांडीत आली आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलली, तर वही उघडायची. निघण्याआधी यू-बोल्टच्या नटांवरून पॅडपर्यंत खडूची रेघ मारून ठेवा. पौडला चहाला थांबाल तेव्हा टॉर्च घेऊन खाली वाका. रेघ तुटलेली दिसली तर नट तिथेच पुन्हा कसून घ्या. दिसली नाही तरी शंभर किलोमीटर झाले की सगळे नट एकदा टॉर्क रेंचने तपासायचे.