गायरान सौर प्रकल्पाला देताय? या चुका टाळा

शेतीला दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबी इथल्या प्रायोगिक प्रकल्पांनी सुरू झाली. 2023 पासून तिचा पुढचा टप्पा, 2.0, लागू आहे. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा 3 मेगावॅटचा प्रकल्प त्यातलाच. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरसाल 3 टक्के वाढ हा दर खासगी जमिनीचा, सरकारी गायरानाचा नाही. तरी तो ऐकला की ग्रामसभेत ठराव झटक्यात होतो. घोडं अडतं ते पुढे.

नुसत्या सातबाऱ्यावर जागा ठरवू नका. कागदावर 8 हेक्टर असतं. जाग्यावर मात्र ओढा, पाणंद, स्मशानाची वाट आणि कुणाची तरी उभी तूर. 1 मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर सलग जागा लागते, तुकडे जोडून चालत नाही. मोजणी आधी, ठराव नंतर.

मराठवाड्यात पुष्कळ गायरानं भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसतात. 14 एप्रिल 1990 पूर्वीचे असे कब्जे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 चा आहे. त्यांचे पुरावे न बघता केलेला ठराव कोर्टात अडकतो, आणि तेही रास्तच आहे.

प्रकल्पापासून वीज उपकेंद्रापर्यंतचं अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका. 33/11 केव्ही (33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर आणणाऱ्या) उपकेंद्रापर्यंतची लाइन बांधाबांधाने, रस्त्याकडेने वळत जाते. लाइन कोणाच्या शेतातून जाणार, हे विचारायचं राहिलं तर पॅनल उभे राहतात आणि खांब अडतात.

काळ्या मातीत पॅनलच्या सांगाड्याचा पाया उथळ घेऊ नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया भेगांच्या थराखाली गेला नाही तर रांग वाकडी होते.

प्रकल्प झाला म्हणजे गावात लाइट जाणार नाही, असं सांगू नका. ही वीज शेतीच्या फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतपंपांकडे जाणाऱ्या लाइनला, दिवसा. फिडर बंद पडला की लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी प्रकल्पही आपोआप थांबतो, मग ऊन कितीही असो.

दिवसा लाइट आली तरी डीपी (शेतातला ट्रान्सफॉर्मर) जळते? मोटारींचे ऑटो स्विच, म्हणजे लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारे स्विच, बघा. 63 केव्हीएची डीपी साधारण 84 अँपिअर झेपवते. 5 एचपीची मोटार चालताना 7-8 अँपिअर घेते, म्हणजे दहा मोटारी कशाबशा बसतात. पण सुरू होताना एकेक मोटार पाच-सहा पट ओढते. लाइट येताच दहाही एकदम सुटल्या की चारशेच्या वर! आधी फ्यूज उडतो. त्या जागी जाड तार घातली की थेट डीपी जाते. ऑटो स्विच काढा, मोटारी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चालू करा आणि प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा. शेवटच्या डीपीवरचा व्होल्टेजही त्याने सुधारतो.