‘शेती बंद करा’ म्हणाले, तर आधी कागद मागा

पाड्यावर कुणी येऊन ‘इथं ईएसझेड लागलाय, शेती बंद’ असं सांगितलं, तर काका-काकी, घाबरून उभं पीक काढू नका. कुठला आदेश, कुठलं कलम, ते आधी विचारा. मुंबईतल्या आरेच्या पाड्यांत मी घरोघरी हेच सांगते.

ईएसझेड म्हणजे इको-सेन्सिटिव्ह झोन, आपल्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा पर्यावरणासाठी जपायचा पट्टा. त्याची केंद्राची अधिसूचना डिसेंबर २०१६ ची. पानं बरीच आहेत, पण तुम्ही थेट कामांचा तक्ता उघडा. खाणकाम बंदीत आहे. सेंद्रिय शेती आणि पावसाचं पाणी साठवणं प्रोत्साहन द्यायच्या कामांत. झाड तोडायला मात्र परवानगी लागतेच. बांधावरचा वाळलेला आंबासुद्धा परस्पर पाडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

खरी अडचण सातबाऱ्याची. पिढ्यान्‌पिढ्या भात, काकडी, शिराळी पिकवूनही बहुतेकांच्या नावावर जमीन नाही, म्हणून कागदावर आपण ‘अतिक्रमण’ ठरतो. हे मला फार लागतं. जमीन वनजमीन असेल तर आदिवासी कुटुंबांनी २००६ चा वनहक्क कायदा घट्ट धरावा, त्याखाली कसत्या जमिनीच्या हक्काचा दावा करता येतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे दोन तरी पुरावे लागतात. पुरावा म्हणजे सरकारी कागदच, असं नाही. जुनी विहीर, बांध, घर चालतं. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. तेव्हा आजी-आजोबा आहेत तोवर लिहून घ्या: कोण कुठलं शेत कसायचं, शेजारी कोण, ओढा कुठून जायचा. खाली तारीख, अंगठा, साक्षीदार.

दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे, शेवटी जिल्हा समितीकडे जातो. खाली फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागा. आणि याच कायद्याचं कलम ४(५) पाठच करा: दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला त्या जमिनीवरून उठवता येत नाही.

एवढं करूनही नुसते तोंडी हुकूमच येत राहिले, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून गाऱ्हाणं मांडत बसू नका. सरळ लिहा: ‘माझ्या शेतावर कोणत्या आदेशाने व कोणत्या कलमाखाली कारवाई चालू आहे, त्या आदेशाची प्रत मिळावी.’ उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करा.